मिक्सरच्या खोक्यातली लाल वाइन

मी एक लाल वाइन बोलतेय, आणि घाईत बोलतेय. आत्ता मी बाटलीत नाही. स्टीलच्या पातेल्याच्या तळाशी जेमतेम दीड वाटी उरले आहे. वर झाकण आहे आणि खालचा गॅस मघाशीच बंद झालाय. समोरच्या टेबलावर चार माणसं जेवतायत. कुणीतरी डाव घेऊन पुन्हा वाढायला येईल, तेवढाच वेळ माझ्या हाती आहे. तेव्हा मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका.

लोकांना वाटतं, वाइन म्हणजे शांतपणे पडून राहायचं आणि म्हातारं होत जायचं. असतील तशा काही. मी त्यातली नव्हे. मला पहिल्या दिवसापासून चैन नाही.

माझा जन्म जर्मनीतला, नेकार नदीच्या काठच्या एका उभ्या उतारावर. तिथे मी एकटी नव्हते, तिघी होते. डोर्नफेल्डर नावाची द्राक्षं अशी काळीजांभळी की तोडणाऱ्यांचे हात दोन दोन दिवस धुऊन निघायचे नाहीत. लेंबर्गरच्या अंगात मिरीचा झणका. आणि श्पेटबुर्गुंडर पातळ सालीची, हळवी, ऊन जरा जास्त झालं की रुसून बसणारी. या तिघींना वेगवेगळं आंबवलं आणि मग मळ्याच्या मालकीणबाईंनी चमच्याचमच्याने चाखत, थुंकत, पुन्हा चाखत एकत्र केलं. त्या तिघींची मिळून मी झाले. अजूनही माझ्या पोटात त्यांची भांडणं चालू असतात.

मालकीणबाई मला बाटलीत भरताना म्हणाल्या, "हिला फार दिवस ठेवण्यात अर्थ नाही. तीन-चार वर्षांत चार माणसांत गेली पाहिजे." माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीत त्यांनी माझी सोयरीकही जुळवून टाकली: रानडुक्कर, हरीण, बदक, जंगली मशरूम, जुनं चीज. आणि खाली बारीक अक्षरांत तीन गोष्टी लिहिल्या. आडवी ठेवा. थंड ठेवा. अंधारात ठेवा. माणसं बारीक अक्षरं वाचत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

तिथून कंटेनर, बोट आणि मग दोहा. परवाना दाखवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, अशा दुकानाच्या मागच्या फळीवर मला उभं केलं. माझ्या डाव्या हाताला फ्रेंच, उजव्या हाताला इटालियन. लोक यायचे आणि डावीकडचं नाहीतर उजवीकडचं उचलून जायचे. जर्मनी म्हटलं की माणसाला गाड्या आठवतात आणि बिअर आठवते. लाल वाइन कुणाला आठवत नाही. माझी तीन-चार वर्षं तिथेच संपणार, या काळजीने माझा जीव टांगणीला लागला होता.

आणि एप्रिलमध्ये प्रतापराव आले.

छप्पन-सत्तावन्नचं वय, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. गॅस कंपनीत सेफ्टी इंजिनियर, ऑफिस वेस्ट बेच्या एका टॉवरमध्ये. वर्षातून एखादी बिअर आणायची म्हणून परवाना काढलेला. त्यांनी चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि काउंटरवरच्या नेपाळी माणसाला विचारलं, "जर्मन रेड है?"

"सर, जर्मन में व्हाइट लीजिए. बहुत अच्छा है."

"नहीं, रेड ही चाहिए. लड़का रेड पीता है."

"साथ में खाना क्या है, सर?"

प्रतापराव गडबडले. जरा विचार करून म्हणाले, "घर का." त्या माणसाने मान डोलावली आणि मला त्यांच्या हातात दिलं.

गाडीत त्यांनी मला शेजारच्या सीटवर ठेवलं आणि माझ्याभोवती सीटबेल्ट लावला. तेव्हाच मला हा माणूस आवडला. वाटेत मला सारखं वाटत होतं की कोण तो लाल पिणारा मुलगा, ज्याचं नाव घ्यायला यांची जीभ अडखळते?

दोह्याच्या अल गराफा भागातल्या एका व्हिलाचा वरचा मजला, तिथे हे नवराबायको राहतात. दार उघडलं ते शैलजाबाईंनी. या नाशिकच्या. हातात लाटणं तसंच होतं.

"आणलीत एकदाची?"

"ईरा मेमध्ये येतेय ना, त्याला घेऊन. एअरपोर्टवरून त्याला बाटली आणता येत नाही. म्हटलं, त्याच्याकडचीच आपल्या घरी असावी."

"त्याला नाव आहे."

"माहितीये."

"मग घ्या की."

प्रतापरावांनी नाव घेतलं नाही. ते माझ्या पाठीवरची चिठ्ठी वाचायला लागले. वरची अक्षरं वाचली, बारीक वाचली नाहीत, आणि मला दर्शनी कपाटात, कपबशांच्या शेजारी उभं केलं. आडवी नव्हे, उभी.

पुढे चार-पाच दिवसांत सगळा उलगडा झाला. ईरा ही यांची एकुलती एक मुलगी. शिकायला म्हणून श्टुटगार्टला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. फेब्रुवारीत तिने व्हिडिओ कॉल केला आणि फेलिक्सला, तिच्या जर्मन मित्राला, समोर बसवलं. त्या बिचाऱ्याने महिनाभर घोकून एक मराठी वाक्य पाठ केलं होतं. "काका, तुमच्या घरी..." एवढं त्याने म्हटलं, आणि प्रतापराव म्हणाले, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये. नेटवर्क गेलं." आणि जरा वेळाने कॉल बंद.

"नेटवर्क गेलं म्हणे," शैलजाबाई कांदा चिरता चिरता म्हणायच्या. "मी त्याच वाय-फायवर पिठल्याचा व्हिडिओ बघत होते."

"लग्नाचंच काढणार होता तो. मी एकदम काय उत्तर देणार होतो?"

"मग म्हणायचं, विचार करून सांगतो. खोटं कशाला बोलायचं? आणि तेही ईराशी?"

 यावर प्रतापराव उठून कपाटापाशी यायचे, माझ्याकडे पाहायचे आणि पुन्हा जाऊन बसायचे. तेव्हा मला कळलं की मला पिण्यासाठी आणलेलंच नाही. या माणसाला "माझं चुकलं" म्हणता येत नाही, म्हणून त्याने मला आणलंय. मी त्याची माफी होते, बूच लावलेली. आता सांगा, एवढं ओझं अंगावर असताना कुणाला स्वस्थता लाभेल?

मग सुरू झाल्या शुक्रवारच्या चाचण्या. प्रतापरावांना तक्ता केल्याशिवाय काही सुचत नाही. त्यांनी इंटरनेटवर वाचून एक कागद केला, प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि फ्रिजला लावला. तिखट: मध्यमपेक्षा कमी, नाहीतर वाइन कडू लागते. आंबट: जपून. धुरकट वास: उत्तम.

"यात लिहिलंय रानडुक्कर," त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"अहो, हळू! खाली जहूरभाई राहतात."

"नाहीतर हरीण."

"आणते हं. उद्याच भाजीवाल्याला सांगते, एक हरीण बाजूला काढून ठेव म्हणावं."

पहिल्या शुक्रवारी मटण झालं, अस्सल नाशकी, डोळ्यांत पाणी आणणारं. प्रतापरावांनी मला न उघडताच मान हलवली आणि फुली मारली. ते बरोबर होतं. त्या तिखटाने माझा घसा धरला असता. दुसऱ्या शुक्रवारी मशरूमचा रस्सा झाला. तो बरा होता, पण शैलजाबाईंनीच नाक मुरडलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुमचा हा कागदच मुळात चुकलाय. त्यांच्याकडे ताटात एक पदार्थ असतो. आपल्या ताटात कोशिंबीर आहे, लोणचं आहे, आमटी आहे, गोड आहे. घासागणिक चव बदलते. या बाईची जोडी लावायची कुणाशी?"

बाई म्हणाल्या त्या मला! मला राग यायला हवा होता, पण बोलणं खरं होतं. लिंबाच्या लोणच्याशी माझं जन्मात जमलं नसतं.

तिसऱ्या शुक्रवारी भरली वांगी झाली. भाजलेले तीळ, सुकं खोबरं, काळा मसाला, गुळाचा खडा. त्या मसाल्यात दगडफूल होतं. त्याचा धुरकट वास कपाटाच्या फटीतून माझ्यापर्यंत आला आणि माझ्या पोटातल्या तिघी एकदम गप्प झाल्या. आमच्या उतारावर हिवाळ्यात द्राक्षांच्या वाळक्या काड्या जाळायचे, त्याचीच आठवण झाली. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हेच, यांच्याशीच माझं जमेल. प्रतापरावांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि कागदावर बरोबरची खूण केली. त्या दिवशी मी त्यांना मनापासून आशीर्वाद दिला.

मग मेच्या पहिल्या आठवड्यात ईराचा मेसेज आला. या वेळी जमणार नाही, सुट्टी नाही, असं इंग्रजीत लिहिलं होतं. शैलजाबाईंनी तो दोनदा वाचला. "सुट्टी नाही म्हणे. हिचंही नेटवर्क गेलं वाटतं," असं म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

प्रतापरावांनी फ्रिजवरचा कागद काढला नाही. पण कपाटापुढे उभं राहणं थांबवलं.

मी वरच्या मजल्यावर उभी आहे, माझं बूच वाळतंय, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बकरी ईदेच्या दिवशी दारावरची बेल वाजली. जहूरभाई आणि साजिदाभाभी. हे मूळचे रत्नागिरीचे. प्रतापराव आणि जहूरभाई बावीस वर्षं एकाच कंपनीत, आता एकाच व्हिलात वरखाली. दर ईदेला मटणाचा डबा वर येणार, दर दिवाळीला चकल्यांचा डबा खाली जाणार, हे ठरलेलं. आणि मी दर्शनी कपाटात, काचेआड, लालभडक!

 मित्र सणाच्या दिवशी घरी आलाय आणि समोर बाटली, हे प्रतापरावांना सहन होईना. त्यांनी मला उचललं. ठेवायचं कुठे? शैलजाबाईंच्या कपाटावर मिक्सरचं खोकं होतं. मिक्सर घेतला त्याला अकरा वर्षं झालीत, वॉरंटी संपून नऊ. पण खोकं टाकायचं नाही, हा या घराचा नियम आहे. खोक्यात थर्मोकोल, थर्मोकोलमध्ये मिक्सरच्या भांड्याची जागा. त्या जागेत मला कोंबलं आणि खोकं पुन्हा कपाटावर, छताला टेकेल असं ढकललं.

जहूरभाई आत आले, बसले. प्रतापरावांच्या हातांकडे पाहून म्हणाले, "अरे बाबा, ईद मुबारक म्हणायला हात पुढे केलास तो धुळीचा? झाडलोट काढलीस की काय आजच?"

"ते... वरचं खोकं..."

"बावीस वर्षं बघतोय तुला. काय आहे ते मी विचारणार नाही. माझ्यासाठी झाकलंस ना? त्यात माझा मान आहे. शुक्रन." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पण पोरीपासून काय झाकतोस? साजिदा म्हणत होती, ईरा आता शैलावहिनींनाच फोन करते."

"बोलेन रे. डिसेंबरात येईल, तेव्हा बोलेन. इन्शाल्ला."

"हे बघ, इन्शाल्ला म्हणावं ते करायचं असतं तेव्हा. टाळायचं असतं तेव्हा नव्हे. पोरगी आहे, कॉन्ट्रॅक्टर नाही. यल्ला, चल, डबा उघड, थंड होईल."

मी खोक्यात हे सगळं ऐकलं आणि मला वाटलं, आता पाहुणे गेले की मला खाली काढतील. पाहुणे गेले. मला काढलं नाही. तेव्हापासून मी त्या घरातल्या सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत विसरलेल्या जागी.

जुलैचा दुसरा आठवडा उजाडला. दोघं सात आठवड्यांसाठी पुण्याला निघाली. प्रवासाला निघताना या घरात एक सोहळा असतो. फ्रिज रिकामा करून पुसायचा, दाराच्या फटीत टॉवेल अडकवायचा. मग प्रतापराव दारात उभे राहून यादी वाचतात आणि शैलजाबाई आतून उत्तरं देतात.

"गॅस?"

"बंद."

"नळ?"

"बंद."

"खिडक्या?"

"बंद, बंद. टॅक्सी येऊन उभी राहिलीये."

"मेन?"

तो त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला. खट्. एसीचं घरघरणं थांबलं. घराला कुलूप लागलं. मी खोक्यात किंचाळत होते, अहो सेफ्टीवाले, एक जीव राहिलाय वर! कोण ऐकणार?

इथला जुलै-ऑगस्ट तुम्हाला ठाऊक आहे का? बाहेरचं जाऊ द्या, बंद घराच्या छताखाली काय होतं ते मला विचारा. पहिल्या दिवशी गरम झालं. तिसऱ्या दिवशी भिंत तापली आणि रात्रीही निवेना. सगळ्यांत आधी गेली ती श्पेटबुर्गुंडर. ती मुळातच हळवी, तिने आठवडाभरात मान टाकली. मग लेंबर्गरची मिरी विझली. डोर्नफेल्डर तेवढी रंग धरून राहिली. माझं अंग फुगलं, बूच वर सरकलं, आणि मी थेंबाथेंबाने मानेवरून झिरपायला लागले. आयुष्यभर बाहेर पडायची घाई केली, ती अशी फळाला आली. मला रडू येत होतं ते मरणाचं नव्हे. या माणसाकडे माफी मागायला दुसरं काही नाही, आणि जे आहे ते इथे शिजतंय, याचं रडू येत होतं.

सप्टेंबरात ती दोघं परतली. खट्, मेन सुरू झाला. एसी आला. कुणी वर पाहिलं नाही.

आणि ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी मला प्रतापरावांचा आवाज ऐकू आला. त्यांनी स्वतः ईराला फोन लावला होता. बराच वेळ हवापाण्याचं बोलणं झालं. मग ते घसा खाकरून म्हणाले, "आणि... वाइन आणून ठेवलीय. त्याच्यासाठी. तुमच्या तिकडचीच आहे, नेकारची. एप्रिलपासून जपून ठेवलीय."

 फोन स्पीकरवर होता.

"बाबा, सीरियसली? यू बॉट वाइन फॉर फेलिक्स?"

"हो. म्हणजे... हो."

"आम्ही डिसेंबरात येतो," ईरा म्हणाली. आता ती मराठीत बोलत होती. "तिकिटं आजच बघते."

जपून ठेवलीय! मी त्या खोक्यात थिजून गेले. घरात दोन महिने आनंदीआनंद होता, पडदे धुतले, नवी चादर आली, आणि वर मी एकटी जाणत होते की यांची फजिती अटळ आहे. अशा वेळी जीभ असूनही बोलता न येणं यासारखी शिक्षा नाही.

आज ईरा आणि फेलिक्स दोघं आली. सकाळच्या विमानाने. फेलिक्स दारातून वाकूनच आत आला, बूट काढून सरळ रेषेत ठेवले, आणि शैलजाबाईंच्या पाया पडायला गेला तो त्यांच्या पायांतल्या टोपलीत अडखळला. शैलजाबाई हसल्या. प्रतापरावांनी हात पुढे केला. फेलिक्सने तो मिळवला. संध्याकाळपर्यंत सगळे एकमेकांशी विमानाबद्दलच बोलत होते.

सातला पानं मांडली. भरली वांगी, कमी तिखटाचं काळ्या मसाल्यातलं मटण, मसालेभात, तिळाची चटणी. लोणचं मुद्दाम ठेवलं नव्हतं. प्रतापराव खुर्चीवर चढले आणि खोकं खाली काढलं. खोक्याचा तळ ओला, चिकट, लाल. त्यांचा चेहरा उतरला. फडक्याने मला पुसलं आणि तसंच टेबलावर आणलं. बूच अर्धं आपोआप वर आलेलं. चार पेल्यांत मला ओतलं.

फेलिक्सने पेला नाकाशी नेला. त्याला लगेच कळलं, मला दिसलं ना. उकडलेल्या मनुकांचा वास, बस, दुसरं काही नाही. तरी तो मुलगा म्हणाला, "इंटरेस्टिंग." ईराने वास घेतला आणि बापाकडे पाहिलं.

प्रतापरावांनी एक घोट घेतला. गिळला. मग म्हणाले, "दुकानातूनच खराब आली असेल. त्यांच्याकडे एसीचा काहीतरी..."

आणि थांबले.

ईरा पेला खाली ठेवत होती. तिचा चेहरा तोच, फेब्रुवारीचा. मी तो पाहिला नव्हता, पण प्रतापरावांनी पाहिला होता, आणि आत्ता पुन्हा पाहिला. शैलजाबाई मसालेभाताचा डाव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी चार पेल्यांत होते आणि चारही पेल्यांत माझा श्वास अडकला.

"नाही," प्रतापराव म्हणाले. "दुकानाची चूक नाही. मी जुलैत मेन बंद केला. ही वर होती. मी विसरलो." ते पाणी प्यायले. "आणि ईरा, त्या दिवशी नेटवर्क चांगलं होतं."

त्यांनी समोरचा पेला बाजूला सरकवला.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तुझ्या बाबतीतही चुकलं माझं, फेलिक्स." पहिल्यांदाच नाव घेतलं त्यांनी.

"मला माहीत होतं, बाबा," ईरा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तिला हसूही येत होतं. "हॅलो हॅलो करून झाल्यावर तू एकदम पुतळ्यासारखा बसलास. स्क्रीन फ्रीज झालीय असं वाटावं म्हणून. पापणीसुद्धा हलवली नाहीस. आणि मागून आई कपड्यांची बादली घेऊन गेली."

शैलजाबाई म्हणाल्या, "अगं बाई! मी गेले होते का मधून?"

"दोनदा. दहा महिने वाट बघत होते मी, हा कधी सांगतोय याची. ओरडला असतास ना, तर एवढं लागलं नसतं."

मग ती बापाच्या खुर्चीशी जाऊन त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. प्रतापराव तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. फेलिक्सला मराठी फार कळत नाही, पण हे कळलं असावं. तो उठला, चारही पेले गोळा केले, बाटली घेतली आणि ओट्यापाशी आला. "आँटी," तो इंग्रजीत म्हणाला, "डिसेंबरमध्ये आम्ही वाइन मुद्दाम गरम करतो. दालचिनी आहे? लवंग?"

"दालचिनी आहे का विचारतो," शैलजाबाई म्हणाल्या आणि मसाल्याचा डबा त्याच्यापुढे उघडला. फेलिक्स पाहतच राहिला. दालचिनी पडली, लवंगा पडल्या, चक्रफूल, वेलची. संत्र्याची साल आली. त्याने साखर मागितली, त्यांनी गूळ टाकला. "अरे, हा तर काढा झाला! सर्दीला देते मी हा. फक्त पाण्यातला."

पातेलं गॅसवर चढलं आणि कडेला बुडबुडे आले तसा फेलिक्स धावला. "नो, नो! उकळायचं नाही. मग सगळं जातं. फक्त गरम."

ऐकलंत? सगळा उन्हाळा मला जाळला, आणि आता कुणीतरी मला उकळू देत नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा.

स्टीलचे पेले भरले. काळ्या मसाल्याशी माझी जोडी लागली ती या रूपात, अंगात लवंग आणि गूळ घेऊन. आता मला लोणच्याचीही भीती नव्हती. आयुष्यात कधी न प्यायलेल्या शैलजाबाईंनी पदराने पेला धरून एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि निकाल दिला, "सुंठ हवी होती."

माझी गोष्ट इथपर्यंत आलीय. आता गप्प बसा, प्रतापराव काहीतरी विचारतायत.

"फेलिक्स, त्या दिवशी तुझं वाक्य अर्धं राहिलं. काय म्हणत होतास?"

फेलिक्सने हातातला चमचा खाली ठेवलाय. पाठ ताठ केलीय. समोरच्या ताटात दोन वांगी, भाताचा डोंगर, मटणाची वाटी. एकेक शब्द मोजून, न अडखळता तो म्हणतो, "काका, तुमच्या घरी मी जेवायला येऊ का?"

एवढंच होतं ते. लग्न नाही, मागणी नाही. शैलजाबाईंनी तोंडाला पदर लावलाय. प्रतापराव उठलेत. ते इकडे येतायत, एकटेच. झाकण काढलं त्यांनी. ओट्याकडे तोंड करून चष्मा काढलाय आणि बाहीने डोळे पुसतायत.

"काय झालं हो?" शैलजाबाई तिकडून विचारतायत.

"काही नाही. वाफ गेली डोळ्यांत."

कसली वाफ! गॅस बंद होऊन अर्धा तास झालाय, मी कोमट आहे. पण हे एवढं खोटं मी पदरात घेते.

तुम्हाला एकच सांगते. मला आडवी ठेवा, उभी ठेवा, ते तुमचं तुम्ही बघा. पण ज्याच्यासाठी मला आणलं त्याला आणल्या दिवशीच हाक मारा. कपाटावर फार गरम होतं हो.

डाव आत आला. चांगला खोल घातलाय, तळापर्यंत.

"येऊ का म्हणून काय विचारतोस," प्रतापराव टेबलाकडे वळून म्हणतायत, आवाज अजून ओला आहे. "पेला पुढे कर."